तोंडाने टर्मिनल चालवताना: 'ग्रेप' म्हटलं की द्राक्षं येऊ नयेत म्हणून

टर्मिनलला, म्हणजे संगणकाला जिथे हुकूम लिहून देतात त्या खिडकीला, पहिल्यांदा बोलून हुकूम सोडला तो दिवस चांगला लक्षात आहे. मी म्हणालो 'ग्रेप' (ही मजकूर शोधण्याची कमांड), आणि पडद्यावर द्राक्ष उमटलं. तेही पहिलं अक्षर कॅपिटल करून, शेवटी पूर्णविराम देऊन. 'सुडो' (जादा अधिकार मागण्याची कमांड) म्हणालो तर तोतया या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. फाइलींची यादी मागितली तर कुणा बाईचं नाव लिहून संगणक शांत बसला. उजव्या मनगटाला पट्टा, डॉक्टरांनी टायपिंग बंद करायला सांगितलेलं आणि समोर तीन सर्व्हर. म्हणजे चेष्टा करायची सोय नव्हती.

त्याला आता बरेच महिने झाले. मनगट बरं आहे, तरी दिवसातलं निम्मं काम मी अजून बोलूनच करतो. या काळात जे जमलं आणि जे फसलं ते इथे क्रमाने मांडतोय. सगळा मामला बोलण्याचा असल्यामुळे कमांडसुद्धा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलीत उतरवताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या.

साधं डिक्टेशन इथे का आपटतं

डिक्टेशनची सॉफ्टवेअर वाक्यांवर पोसलेली असतात. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय असेल याचा ती अंदाज बांधतात, आणि म्हणूनच पत्र किंवा ईमेल सांगताना इतकी अचूक वाटतात. टर्मिनलमध्ये वाक्यच नसतं. तिथे असतात दोन-दोन अक्षरांचे तुकडे, डॅश, तिरक्या रेघा, पाइपची उभी रेघ आणि जिथे एक स्पेस जास्त पडली तर अर्थ बदलतो अशा जागा. मदत करण्याच्या नादात सॉफ्टवेअर दोन डॅशची एक लांब रेघ करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि प्रत्येक तुकड्याआधी एक स्पेस घालतं. शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये हुकूम वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमला, यातलं काहीही चालत नाही.

दुसरी अडचण चूक सुधारण्याची. वर्ड प्रोसेसरमध्ये 'तो शब्द निवड' म्हटलं की डिक्टेशनवाला तो शब्द शोधून निवडतो, कारण तिथला मजकूर त्याला वाचता येतो. टर्मिनलची खिडकी त्याच्या लेखी बंद पेटी आहे. आत काय उमटलंय हे त्याला दिसत नाही, तो फक्त कळा दाबल्यासारखं करू शकतो. ड्रॅगन या विकतच्या डिक्टेशन सॉफ्टवेअरमध्ये अशा खिडक्यांसाठी वेगळी डिक्टेशन बॉक्स होती: मजकूर तिच्यात सांगायचा, तपासायचा आणि मग पलीकडे ढकलायचा. पत्रासाठी ठीक आहे. पण दिवसातून चारशे वेळा फोल्डर बदलणाऱ्याने ते करायचं म्हणजे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चप्पल काढून पुन्हा घालण्यासारखं आहे.

म्हणून टर्मिनलला मजकूर *सांगायच्या* फंदात पडू नका. त्याला थोडे, ठरावीक शब्द शिकवा, आणि एका शब्दाची एक कृती बांधून टाका. २०१३ च्या पायकॉन या पायथन प्रोग्रॅमरांच्या परिषदेत टॅव्हिस रड या प्रोग्रॅमरने हात दुखावल्यावर हेच करून दाखवलं होतं. ड्रॅगनच्या जोडीला पायथनमध्ये लिहिलेले नियम आणि छोटे, विचित्र वाटणारे शब्द. ऐकणाऱ्याला मंत्र वाटावेत असे. हत्यारं बदलली, युक्ती तीच आहे.

हत्यार कोणतं घ्यावं

इथे फार घोळ घालू नका. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून व्हॉइस कंट्रोल आहे, विंडोज ११ मध्ये व्हॉइस अ‍ॅक्सेस आहे. दोन्ही फुकट, दोन्ही आधीच बसवलेली. मॅकवाल्यात अक्षरं सांगण्याची वेगळी पद्धत आहे आणि स्वतःच्या कमांडही जोडता येतात. आठवड्यातून दोनदा टर्मिनल उघडणाऱ्याला एवढं पुरतं. ड्रॅगनची मॅक आवृत्ती २०१८ मध्येच बंद झाली. विंडोजवर ते महाग आहे, आणि नुसत्या टर्मिनलसाठी घेण्यात अर्थ नाही.

लिनक्सवर हलकं काही हवं असेल तर नर्ड-डिक्टेशन पाहा. ते व्हॉस्क हे इंजिन वापरतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. व्हॉस्ककडे भारतीय इंग्रजीची वेगळी मॉडेलं आहेत, त्यातलं लहान मॉडेल चाळीस एमबीच्याही आत आहे. 'डॅश' म्हटलं की चिन्ह उमटावं यासाठी पायथनची छोटी फाइल स्वतः लिहावी लागते.

ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर अनेकांना पहिल्यांदा सुचतं, कारण त्याची अचूकता खरोखर थक्क करणारी आहे. पण कमांडसाठी ते घेऊ नका. ते आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे डोळ्यासमोर ठेवून बनलेलं आहे, त्यामुळे एकेका शब्दासाठी अवजड पडतं. शिवाय शांतता ऐकवली तर कधी कधी स्वतःच्या मनाचं वाक्य रचून देतं. पत्रात ते हसण्यावारी नेता येतं, सर्वाधिकार असलेल्या रूटच्या शेलमध्ये नाही. व्हिस्परची खरी जागा पुढे सांगतो.

रोज चार-सहा तास टर्मिनलमध्ये काढणाऱ्याला माझं उत्तर एकच: टॅलन. रायन हाइलमन यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर वापरायला फुकट आहे, मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि ओळखण्याचं काम तुमच्याच संगणकावर करतं. आवाज बाहेर जात नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याने ही गोष्ट आधी तपासावी. टॅलन स्वतः मुक्तस्रोत नाही, पण त्यावर लोकांनी मिळून बनवलेला कम्युनिटी नावाचा कमांडसंच मुक्तस्रोत आहे. इथून पुढचं सगळं याच जोडीबद्दल.

माइक आणि खोली

लॅपटॉपचा माइक विसरा. यूएसबीचा, तोंडाजवळ दांडी येणारा साधा हेडसेट घ्या. महाग माइक टेबलावर ठेवण्यापेक्षा स्वस्त माइक ओठांपासून दोन बोटांवर असणं जास्त कामाचं. दांडी ओठांच्या किंचित बाजूला ठेवा, नाहीतर 'प' म्हटला की फुंकर थेट आत जाते.

आपल्याकडचा मुख्य शत्रू छताचा पंखा. त्याची एकसुरी घरघर मॉडेल बऱ्यापैकी पचवतं, पण पंख्याचा वारा थेट माइकवर आला की अक्षरं गळतात. माइकवर स्पंजची टोपी घाला, खुर्ची दोन फूट सरकवा. कुकरच्या शिट्टीवर उपाय नाही. शिट्टी होईपर्यंत थांबायचं.

बसवणं

टॅलनच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून चालू करा. वरच्या किंवा खालच्या पट्टीत त्याचं चिन्ह दिसेल. त्यातल्या स्पीच रेकग्निशन मेन्यूतून कॉन्फॉर्मर हे मॉडेल उतरवून घ्या आणि मायक्रोफोनच्या यादीत हेडसेट निवडा. मॅकवर मायक्रोफोन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या लागतात. दुसरी दिली नाही तर टॅलन ऐकतं पण काहीच लिहीत नाही, आणि माणूस तासभर माइकला दोष देत बसतो. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था आहेत: टॅलनला एक्स-इलेव्हनचं सत्र लागतं, वेलँडवर त्याचं जमत नाही. काही नव्या वितरणांतून ते सत्रच काढून टाकलंय, तेव्हा हे आधी बघून घ्या.

मग कम्युनिटी संच गिटने (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) टॅलनच्या यूझर फोल्डरमध्ये क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत उतरवून घ्या. मॅक-लिनक्सवर हे फोल्डर होम डिरेक्टरीतल्या डॉट-टॅलनमध्ये असतं, विंडोजवर अ‍ॅप-डेटाच्या रोमिंगमध्ये. त्याच्या शेजारी स्वतःच्या नावाचं दुसरं फोल्डर करा. तुमचे सगळे बदल तिथेच ठेवायचे. कम्युनिटीच्या फाइलींत हात घातलात तर पुढच्या अपडेटला गिट भांडायला उभं राहील.

आता 'टॅलन वेक' म्हणा, 'टॅलन स्लीप' म्हणा. जागा होतो आणि झोपतो एवढं दिसलं की पहिला दिवस संपला. ही दोन वाक्यं जिभेवर इतकी बसली पाहिजेत की दाराची बेल वाजताच तोंडातून 'टॅलन स्लीप' बाहेर पडावं.

अक्षरं: याला पर्याय नाही

इंग्रजी अक्षरांची नावं बोलून सांगण्याच्या लायकीची नाहीत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही: आठही 'ई'वर संपतात. फोनवर पॅन नंबर सांगताना आपण 'बी फॉर बॉम्बे' करतो ते यामुळेच. टॅलनने प्रत्येक अक्षराला एक आखूड शब्द दिलाय, आणि तो बहुतेक वेळा त्या अक्षराने सुरू होतो:

एअर, बॅट, कॅप, ड्रम, ईच, फाइन, गस्ट, हार्प, सिट, ज्युरी, क्रंच, लुक, मेड, निअर, ऑड, पिट, क्वेंच, रेड, सन, ट्रॅप, अर्ज, व्हेस्ट, व्हेल, प्लेक्स, यँक, झिप.

अपवाद तीनच: 'सिट' आयसाठी, 'क्रंच' केसाठी आणि 'प्लेक्स' एक्ससाठी. 'हेल्प अल्फाबेट' म्हटलं की ही यादी पडद्यावर येते. ती छापून मॉनिटरखाली चिकटवा. रोज वीस मिनिटं घरच्यांची, भाज्यांची, गावांची नावं या शब्दांत सांगत बसा. मला आठ दिवस लागले. चौथ्या दिवशी सगळं सोडून द्यावंसं वाटतं. सोडू नका, पाचव्या दिवसापासून गाडी रुळावर येते.

मराठी जिभेसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण त्या कुठे लिहिलेल्या सापडल्या नाहीत, स्वतःच शोधाव्या लागल्या. एक: आपला 'प', 'ट', 'क' कोरडा असतो. इंग्रज शब्दाच्या सुरुवातीला तेच वर्ण हवा सोडत उच्चारतो. त्यामुळे आपलं 'पिट' त्याच्या कानाला 'बिट' वाटतं. उपाय आपल्याच वर्णमालेत आहे. 'पिट' म्हणताना किंचित 'फ'कडे झुका (फळातला फ, फोनमधला नव्हे), 'कॅप' म्हणताना 'ख'कडे, 'ट्रॅप' म्हणताना 'ठ'कडे. नाटकी वाटेल, पण माझ्या निम्म्या चुका एका संध्याकाळीत गेल्या. दोन: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच 'व'ने उच्चारतो. इथे त्याची चिंता नको. व्हेस्ट आणि व्हेल यांचे शेवट इतके वेगळे आहेत की सुरुवात सारखी झाली तरी यंत्र चुकत नाही.

एखादा शब्द तरीही सतत फसला तर तो बदला. ही यादी साध्या फाइलीत असते. पण पहिल्या महिन्यात बदलू नका. तेव्हा बहुतेक वेळा दोष शब्दाचा नसतो, घाईचा असतो.

एक ओळ, जवळून

समजा, फोल्डरमधल्या फाइलींच्या यादीच्या, ताज्या आधी अशा, पहिल्या वीस ओळी हव्यात. शेलला लागते ती ओळ अशी: एल-एस, स्पेस, डॅश, एल-टी, मग पाइप (यादी पुढच्या कमांडकडे देणारा), मग हेड (फक्त वरच्या ओळी दाखवणारी), डॅश, वीस. टॅलनला ती अशी सांगायची:

'लुक सन स्पेस डॅश लुक ट्रॅप'
'स्पेस पाइप स्पेस वर्ड हेड'
'स्पेस डॅश टू झीरो'

आणि मग, थांबून, 'एंटर'.

पहिली गोष्ट, शब्द साखळीत बोलायचे. प्रत्येक अक्षरानंतर थांबलात तर काम रांगतं. टॅलनचा मोठा गुणच हा की एका श्वासात दहा कमांड सांगितल्या तरी तो त्या ओळीने पाळतो. दुसरी, 'हेड'च्या आधी 'वर्ड' म्हटलंय. 'वर्ड' पुढचा एकच शब्द जसाच्या तसा लिहितो. त्याऐवजी 'से' म्हटलं तर तो पुढचं सगळंच मजकूर समजून लिहीत सुटतो, 'डॅश'सुद्धा अक्षरी. मधेच तोडायचं असेल तर 'ओव्हर' म्हणायचं. चुकलं तर 'स्क्रॅच दॅट'. शेवटचा तुकडा तो बॅकस्पेसने पुसतो, त्यामुळे बंद पेटीतही हे चालतं.

खरं म्हणजे यादीसाठी एवढी अक्षरंही लागत नाहीत. कम्युनिटी संचात 'लिसा' म्हटलं की फाइलींची यादी येते, 'लिसा ऑल' म्हटलं की लपलेल्यांसकट. फोल्डर बदलायला 'केटी'. 'क्लिअर स्क्रीन' आणि 'रन लास्ट' यांचा अर्थ नावातच आहे. आधी लांबची वाट दाखवली, कारण कोणतीही नवी कमांड समोर आली की शेवटी अक्षरांवरच यावं लागतं.

फाइलींची नावं सांगायला फॉरमॅटर आहेत, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. 'स्नेक डेली बॅकअप लॉग' म्हटलं की तीन शब्द अंडरस्कोरने जोडून येतात. 'केबाब' म्हटलं तर मध्ये डॅश, 'स्मॅश' म्हटलं तर सगळं चिकटून, 'हॅमर' म्हटलं तर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. एकटं मोठं अक्षर हवं तर 'शिप एअर'. हाताने टाइप करताना अंडरस्कोरसाठी शिफ्ट दाबायचा मला इतका कंटाळा होता की फाइलींची नावं वाट्टेल तशी ठेवायचो. आता ती नीट असतात.

कंट्रोलच्या जोड्याही अक्षरांच्याच भाषेत येतात. चालू काम थांबवायला 'कंट्रोल कॅप', जुनी कमांड शोधायला 'कंट्रोल रेड', मागचा शब्द खोडायला 'कंट्रोल व्हेल', आख्खी ओळ खोडायला 'कंट्रोल अर्ज'. शेवटची दोन पहिल्याच दिवशी शिका. बोलून काम करताना खोडणं हे लिहिण्याइतकंच वारंवार लागतं.

एंटरचा वेगळा श्वास, आणि आईचा चहा

माझा एकच नियम मी कुणालाही सक्तीने पाळायला लावीन: एंटर कधीही साखळीत म्हणायचा नाही. ओळ सांगा, डोळ्यांनी वाचा, मग वेगळ्या श्वासात 'एंटर'. बोटं चुकली तर आपल्याला बोटांतूनच कळतं. तोंड चुकलं तर कळत नाही, कारण आपण बरोबरच बोललेलो असतो, चुकीचं ऐकलेलं असतं. ती चूक फक्त डोळ्यांना सापडते. कम्युनिटीतल्या 'स्लॅप' या शब्दापासूनही जपा. संपादकात (टेक्स्ट एडिटरमध्ये) तो ओळीच्या शेवटी जाऊन नवी ओळ उघडतो, पण टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ सरळ 'चालव' असा होतो.

आता बाकीचं, माझ्या फजितीतून. 'कंट्रोल कॅप' मला लांब वाटायचं, म्हणून मी 'बस' असा शब्द शिकवला. टॅलनचं मॉडेल इंग्रजी, पण मराठी 'बस' आणि इंग्रजीतली रस्त्यावरची बस कानाला एकच. फाइलीत इंग्रजी स्पेलिंग लिहिलं, तोंडाने मराठी म्हणालो, काम थांबलं. स्वतःवर बेहद्द खूष होतो. मग एका शनिवारी दुपारी डेटाबेसचा मोठा इम्पोर्ट चालू होता, तीन तास झालेले. आई किटली घेऊन आली आणि कप भरायला लागली. मी म्हणालो, "बास, बास, बास गं." 'बस'ला काना लागला याचा यंत्राने हिशेब केला नाही. तीनदा कंट्रोल-सी. इम्पोर्ट मेला. चहा मात्र काठोकाठ.

त्या दिवसापासून तो शब्द 'बस स्टॉप' आहे. मॉडेल तो अचूक ओळखतं आणि चहा घेताना कुणी म्हणत नाही. आखूड, रोजच्या बोलण्यातला शब्द कृतीला बांधायचा नाही, मग ती कृती कितीही निरुपद्रवी वाटो. आणि लांबचं काम लावलं की लगेच 'टॅलन स्लीप'. शिवाय असली कामं आता टीमक्सच्या (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) वेगळ्या खिडकीत असतात, समोरच्या खिडकीत नाही.

स्वतःचे शब्द

टॅलनची कमांड-फाइल आश्चर्य वाटावं इतकी सोपी आहे. वर कुठे लागू ते, मग एका ओळीत नुसता डॅश, आणि खाली डावीकडे बोलायचे शब्द, उजवीकडे कृती. उच्चाराप्रमाणे लिहिली तर अशी दिसते:

टॅग: टर्मिनल
-
डिस्क स्पेस: "डीएफ -एच"
लॉग टेल: "टेल -एफ "
सर्व्हिस स्टेटस: "सिस्टमसीटीएल स्टेटस "
बस स्टॉप: की(कंट्रोल-सी)

फाइल जतन केली की टॅलन ती आपोआप उचलतो, पुन्हा चालू करावं लागत नाही. पहिल्या ओळीमुळे हे शब्द टर्मिनलमध्येच चालतात, ब्राउझरमध्ये 'डिस्क स्पेस' म्हटलं तर काही होत नाही. 'टेल'च्या पुढची मोकळी जागा मुद्दाम सोडली आहे, फाइलीचं नाव तिथे सांगायचं. एंटर कशातच नाही, हेही पाहून ठेवा.

कोणते शब्द करावेत? अंदाजाने शंभर करून बसू नका, त्यातले नव्वद विसराल. शेलच्या हिस्टरीत आपण काय पुन्हा पुन्हा लिहितो ते मोजा, आणि वरच्या पंधरांपासून सुरुवात करा. माझ्या यादीत पहिल्या तीनही जागांवर गिट होतं. त्याच्या कमांड संचात तयार असतातच. शब्द विसरलात तर 'हेल्प अ‍ॅक्टिव्ह' या घडीला काय काय चालेल ते दाखवतं. 'कमांड हिस्टरी' म्हटलं की यंत्राने नेमकं काय ऐकलं त्याची यादी बाजूला दिसत राहते. पहिला महिना ती उघडीच ठेवा. आपण काय बोललो आणि त्याने काय ऐकलं हे शेजारी शेजारी दिसलं की भांडण मिटतं.

शेललाही थोडं वळण लावा

टॅब-पूर्ती आता तुमचा उजवा हात. दोन अक्षरं सांगा, 'टॅब' म्हणा, उरलेलं नाव शेल लिहितं. खोल फोल्डरांसाठी झी-ऑक्साइड बसवा. ते भेट दिलेली फोल्डर लक्षात ठेवतं आणि नावाचा एक तुकडा सांगितला की तिथे नेतं. फिश शेल वापरणाऱ्यांनी एलियसऐवजी (कमांडला दिलेलं टोपणनाव) अब्रिव्हिएशन, म्हणजे लघुरूपं, वापरावीत. लघुरूपापुढे स्पेस पडली की ते तिथेच पूर्ण कमांडमध्ये उलगडतं, म्हणजे एंटरआधी काय चालणार ते डोळ्यांना दिसतं. बोलणाऱ्याला हे दिसणं फार मोलाचं.

लांब, अवतरणांनी भरलेली ओळ असेल तर टर्मिनलमध्ये झगडू नका. बॅश या शेलमध्ये 'कंट्रोल प्लेक्स' आणि लगेच 'कंट्रोल ईच' म्हणा: चालू ओळ तुमच्या संपादकात उघडते. तिथे निवांत नीट करा. मात्र जतन करून बाहेर पडलात की ती लगेच चालते. नको असेल तर आधी सगळं खोडून मग बाहेर पडा.

पुसणाऱ्या कमांडी आणि पासवर्ड

आर-एम या फाइली पुसणाऱ्या कमांडला मी कधीही स्वतंत्र शब्द दिलेला नाही, देणारही नाही. 'रेड मेड' असं अक्षरांनीच सांगायचं. तिथे घर्षण हवंच. शिवाय एलियसमध्ये मोठ्या आयचा पर्याय घालून ठेवा, म्हणजे तीनपेक्षा जास्त फाइली किंवा आख्खं फोल्डर उडवण्याआधी तो एकदा विचारतो. त्याहून बरं म्हणजे ट्रॅश-सीएलआय. फाइल कचरापेटीत जाते, परत आणता येते. आणि बॅशमध्ये नो-क्लॉबर लावा, म्हणजे निकाल फाइलीत लिहिणारं 'पेक्षा मोठे' (>) हे चिन्ह आधीपासूनच्या फाइलीवर पाणी फिरवत नाही.

पासवर्ड बोलायचा नाही. घरी एकटे असलात तरी नाही. तो कमांड हिस्टरीत दिसतो, आणि टर्मिनल बहुधा तारकासुद्धा दाखवत नसल्याने काय चुकलं हेही कळत नाही. सर्व्हरसाठी एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) किल्ल्या आणि त्या सांभाळणारा एजंट वापरा. सुडोसाठी बोटाचा ठसा चालतो: मॅकवर टच आयडी जोडता येतं, लिनक्सवर एफप्रिंटडी. राहिलेल्या वेळी हाताने टाइप करा. दिवसाला चार पासवर्डांनी मनगट मोडत नाही.

लांब मजकूर आणि मराठी

गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायचा कमिटचा संदेश, एखाद्या स्क्रिप्टवरची टीप, बिघाडाचा अहवाल: इथे वाक्यं असतात, आणि इथे व्हिस्परची जागा आहे. वेगळ्या कळीवर ते बांधा, बोलणं क्लिपबोर्डमध्ये येऊ द्या, मग टर्मिनलमध्ये पेस्ट करा. बॅश ५.१ पासून ब्रॅकेटेड पेस्ट आपोआप चालू असतं, त्यामुळे पेस्ट केलेल्या मजकुरात नवी ओळ असली तरी ती लगेच चालत नाही, एंटरची वाट पाहते. जुन्या सर्व्हरवर बॅश जुनं असेल तर आधी खात्री करा.

व्हिस्परला मराठीही येतं. माझ्या टिपा मी मराठीतच सांगतो. नावं आणि तांत्रिक शब्द नंतर दुरुस्त करावे लागतात. पण त्या टर्मिनलच्या आत वाचायला जाऊ नका. टर्मिनल अक्षरं चौकोनी घरांत बसवतं, आणि आपले काना-मात्रा, जोडाक्षरं त्या घरांत मावत नाहीत. 'स्क्रिप्ट'चा वेलांटीसकट चुरा होतो. फाइल बिघडली असं समजून मी एकदा ती तीनदा पुन्हा लिहिली होती. फाइल धडधाकट होती, दिसणं तेवढं मोडलं होतं. साध्या खिडकीवाल्या संपादकात उघडली की नीट दिसते.

दूरच्या सर्व्हरवर

इथे सुख आहे. सर्व्हरवर काहीही बसवावं लागत नाही, कारण टॅलन तुमच्याच संगणकावर कळा दाबतो आणि एसएसएच त्या पलीकडे पोचवतं. फक्त एक खोट: टॅलनला टर्मिनलची खिडकी कळते, आत विम (टर्मिनलमध्येच चालणारा संपादक) चालू आहे की शेल हे आपोआप कळत नाही. विमच्या नॉर्मल मोडमध्ये (जिथे प्रत्येक कळ हुकूम असते) 'डिस्क स्पेस' म्हणालात तर ती अक्षरं विमचे हुकूम ठरतात, आणि त्यातली 'डी' खोडण्याची आहे. उपाय म्हणजे खिडकीचा मथळा. विमला मथळा बदलायला सांगा, आणि कमांड-फाइलीच्या वरच्या भागात मथळ्याची अट घाला. हे जमेपर्यंत विममध्ये शिरताना माझे स्वतःचे शब्द मी बंदच ठेवायचो.

घशाबद्दल एवढंच: हळू आवाजात, सपाट बोला. यंत्राला जोर लागत नाही. पहिल्या आठवड्यात मी रिक्षावाल्याला हाक मारावी तसा ओरडत होतो आणि गुरुवारपर्यंत आवाज बसला. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. एका बैठकीत पाऊण तासाच्या वर बोलू नका.

माझ्या फाइलीत सध्या एकसष्ट शब्द आहेत. गेल्या आठवड्यात दोन काढले, एक घातला: 'पुन्हा एकदा'साठी काही मराठी सापडतं का ते बघत होतो, पण मॉडेलने दर वेळी वेगळंच काही ऐकलं. शेवटी 'रन लास्ट'वरच परत आलो.